फुलामागची गिचमिड जात नसेल तर आधी काय तपासायचं

दर पावसाळ्यात, श्रावण लागला की, ओळखीतलं कुणी ना कुणी मला फोटो पाठवतं आणि खाली एकच प्रश्न असतो: "फूल शार्प आलंय, पण मागे हे काय झालंय?" मागे गवताच्या पात्यांच्या आडव्यातिडव्या रेघा असतात, एखादं वाळकं पिवळं पान असतं, थेंबांचे पांढरे ठिपके असतात, नाहीतर कोपऱ्यातून अर्धीच कळी डोकावत असते. फुलाकडे बघायचं ठरवलं तरी नजर त्या काडीकडे जाते.

साताऱ्याकडच्या पठारांवर आणि आंबोलीत मी बरीच वर्षं पावसाळ्यात जवळून फोटो काढते. ही अडचण मला अजूनही प्रत्येक फेरीत येते, पण आता ती कुठल्या क्रमाने सोडवायची हे ठरून गेलंय. बहुतेक जण सुरुवातच गवत बाजूला करण्यापासून करतात. मी हात सगळ्यात शेवटी घालते, आणि दहापैकी आठ-नऊ वेळा त्याची गरज पडत नाही. गवत काढायची घाई का करू नये, त्याचं कारण पुढे येईलच.

बघताना स्वच्छ होतं, फोटोत कचरा आला

तक्रार अशी असेल तर दोष गवताचा नाही. कॅमेऱ्यातून बघताना लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं असतं. मॅक्रो लेन्स, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायची लेन्स, एफ/२.८ ची असेल (आकडा लहान तितकं छिद्र मोठं) तर तुम्हाला दिसतं ते एफ/२.८ चं चित्र, मागचं सगळं मऊ झालेलं. सेट केलेलं असतं मात्र एफ/११. बटण दाबलं की छिद्र तेवढ्या क्षणापुरतं लहान होतं, फोटो निघतो आणि छिद्र पुन्हा उघडतं. बघताना विरलेल्या काड्या फोटोत रेघा होऊन येतात त्या अशा.

बऱ्याच डीएसएलआर कॅमेऱ्यांवर लेन्स बसते तिथे शेजारी एक लहानसं बटण असतं, डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यूचं. कित्येकांनी ते कधी दाबलेलंच नसतं. दाबून धरलं की चित्र काळवंडतं आणि मागच्या काड्या एकेक करून उगवतात. बऱ्याच मिररलेस कॅमेऱ्यांत हेच काम एखाद्या मोकळ्या बटणाला नेमून देता येतं. तशी सोय नसेल तर एक फोटो काढा, स्क्रीनवर बघा, आणि बघताना अंगठ्याने फूल झाका. उरलेल्या भागात नजर कुठे अडकते? तीच तुमची काडी.

याच तक्रारीचा दुसरा प्रकार कडेचा. स्वस्तातल्या डीएसएलआरचा व्ह्यूफाइंडर फ्रेमचा साधारण ९५ टक्केच भाग दाखवतो. उरलेल्या पट्टीत काय आहे ते फोटो निघाल्यावरच कळतं. अशा कॅमेऱ्यावर लाइव्ह व्ह्यू चालू करून, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून, चारही कोपरे एकदा फिरून बघावेत.

खरं कारण बहुतेक वेळा अंतर असतं

"अ‍ॅपर्चर उघड, बॅकग्राउंड जाईल" हा सल्ला सगळीकडे मिळतो (अ‍ॅपर्चर म्हणजे वर सांगितलेलं लेन्सचं छिद्रच). तो अर्धाच खरा आहे. एकदा मी कागदावर हिशेब मांडला, तेव्हापासून माझी काम करायची पद्धतच बदलली. तो हिशेब इथे देते.

समजा १०० मिमीची मॅक्रो लेन्स आहे, एपीएस-सी, म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा कॅमेरा आहे, फुलाची प्रतिमा सेन्सरवर खऱ्याच्या निम्म्या आकाराची पडते आहे आणि अ‍ॅपर्चर एफ/८ आहे. फुलामागे ५ सेंमीवर २ मिमी जाडीचं गवताचं पातं आहे. सेन्सरवर त्या पात्याची प्रतिमा साधारण ०.९ मिमी रुंद पडते, आणि ती जितकी धूसर होते तो पसाराही तेवढाच, ०.९ मिमी. म्हणजे पातं आपल्या जाडीइतकंच पसरतं. ते पुसट होईल, पण पातं म्हणून ओळखू येईलच. आता एफ/८ चं एफ/४ करा. पसारा दुप्पट होईल, रेघ थोडी जाड आणि फिकट होईल, पण रेघ राहीलच. शिवाय जो भाग शार्प हवाय त्याची खोली जवळजवळ २ मिमीवरून १ मिमीवर येईल, म्हणजे फुलाची पुढची पाकळी शार्प आणि मागची गेलेली.

एफ/८ तसंच ठेवा आणि ते पातं फुलापासून ५ सेंमीऐवजी ५० सेंमी मागे आहे असं धरा. आता त्याची प्रतिमा ०.४ मिमीपेक्षा कमी रुंद, आणि पसारा जवळजवळ ४ मिमी. जाडीच्या दहापट. ती काडी विरघळते, तिचा फक्त रंग मागे उरतो. अ‍ॅपर्चरला हात न लावता.

म्हणून पठारावर पोचले की मी आधी फुलं शोधत नाही. आधी मोकळ्या जागा बघते: वाटेची कड, ओढ्याचा उतार, जांभ्याचा उघडा कातळ, पाण्याने भरलेलं डबकं. मग त्या मोकळ्या जागेच्या अलीकडे कुठलं फूल उभं आहे ते बघते. त्याच सोनकीची पन्नास झुडपं आसपास असतात. ज्याच्यामागे दोन हात रिकामे आहेत ते एकच झुडूप माझ्या कामाचं. सगळ्यात टवटवीत फुलाच्या मोहात पडून त्याच्यामागच्या झुडपाशी अर्धा तास झगडण्यापेक्षा थोडं कमी टवटवीत फूल परवडतं.

लेन्स लांब पल्ल्याची असेल तर आणखी सोपं. फूल फ्रेममध्ये तेवढ्याच आकाराचं ठेवलं तर १८० मिमीची लेन्स ५० मिमीच्या तुलनेत मागच्या दृश्याचा एक तृतीयांशाहून कमी कोन आत घेते. त्यामुळे मागे झुडपांमधली छोटीशी फट सापडली तरी सगळी फ्रेम भरते. मॅक्रो लेन्स नसेल त्यांनी ७०-३०० मिमीसारख्या झूमला एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारी पोकळ नळी, लावून बघावी. कासला तर मला हेच जास्त उपयोगी पडतं, कारण तिथे वाट सोडून फुलांत उतरायचं नसतं आणि हवं ते फूल हमखास वाटेपासून चार-पाच फूट आत असतं.

गुडघे टेकवा, मग तीन सेंटिमीटर सरका

उभ्याने खाली वाकून काढलेल्या फोटोत फुलामागे जमीन असते, आणि जमीन फुलापासून फार तर वीतभर लांब. वरच्या हिशेबातली ५ सेंमीची अडचण इथूनच येते. कॅमेरा फुलाच्या पातळीला आणला की मागची जमीन दूर पळते. जमिनीलगत नेला तर मागे थेट समोरचा डोंगर येतो, किंवा आभाळ. ट्रायपॉडचा मधला दांडा असल्या कामात आड येतो. मी तांदळाची जुनी पिशवी शिवून त्यात पावटे भरलेत. ती चिखलात टाकायची आणि तिच्यावर कॅमेरा. पावटे भिजले की फुगतात, म्हणून आतून प्लॅस्टिकची पिशवी घालायला विसरू नका.

खाली गेल्यावर लगेच बटण दाबू नका, कॅमेरा डावी-उजवीकडे हळूहळू सरकवा. फूल लेन्सपासून ३० सेंमीवर असेल आणि मागची झाडी त्याच्या मागे १ मीटरवर, तर कॅमेरा ३ सेंमी सरकवल्यावर फुलामागचं दृश्य १० सेंमी सरकतं. ३ सेंमी म्हणजे दोन बोटं. त्या दोन बोटांत मागचं वाळकं पान नाहीसं होऊन तिथे गर्द हिरवी सावली येऊ शकते. फूल जसंच्या तसं राहतं. इतक्या स्वस्तात मिळणारा दुसरा उपाय मला माहीत नाही.

पुढची काडी हा वेगळा विषय आहे, कारण ती फुलाच्या अंगावरून रेघ ओढते. फुलाच्या जवळ असेल तर सरका. लेन्सच्या अगदी तोंडाशी असेल तर तिचा हिरवट धूर होतो आणि कधीकधी तो चांगलाही दिसतो. मधल्या अंतरावरची काडी सगळ्यात वाईट. तिच्यासाठी लेन्सच्या तोंडावर बसणारी नळी, म्हणजे हूड, वापरा: तो हळूच पुढे नेला की गवत आपोआप दोन्हीकडे कलतं आणि फोटो झाल्यावर सरळ उभं राहतं.

जुलै-ऑगस्टमध्ये पठारावर धुकं उतरतं तेव्हा बरेच जण कॅमेरा पिशवीत घालतात. मी तेव्हाच बाहेर काढते. धुक्यात दहा-पंधरा फुटांपलीकडचं सगळं पुसलं जातं, झाडं नाहीत, माणसं नाहीत, गाड्या नाहीत. फक्त कॅमेरा तो पांढरा रंग राखाडी करून टाकतो, म्हणून एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप वाढवायचं (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). मात्र धुक्यात कड्याच्या टोकाला जाऊन आभाळाची पार्श्वभूमी शोधू नका. गवत ओलं असतं आणि कडा कुठे संपतो ते दिसत नाही.

मागचं सगळं धूसर आहे, तरी नजर तिकडेच जाते

इथे दोष आकाराचा नसून उजेडाचा. डोळा फ्रेममधल्या सगळ्यात उजळ जागेकडे आधी जातो. झाडाच्या पानांमधून दिसणारं आभाळ, ओल्या पानांची चमक, थेंब, वाळलेलं पांढरट गवत, हे सगळं धूसर झालं तरी उजळच राहतं, उलट ठिपका आणखी मोठा होतो. डोळे बारीक करून फ्रेम बघा. जे तरीही दिसतं ते त्रास देणार.

माझ्याकडे यासाठी काळी छत्री असते, जुनी, लाकडी मुठीची. बरोबर कुणी असेल तर त्यांना फुलामागे दोन-तीन हातांवर छत्री धरून उभं करते, म्हणजे मागच्या गवतावर सावली पडते आणि फुलावर उजेड तसाच राहतो. मागचं एखाद-दीड स्टॉप गडद झालं तरी पुष्कळ. कुणी नसेल तर छत्री उलटी ठेवूनही भागतं, वारा नसला तर. ओल्या पानांच्या चमकेवर पोलरायझर, म्हणजे चमक कापणारा फिल्टर, उत्तम चालतो. तो दीड-दोन स्टॉप उजेड खातो, म्हणून ढगाळ दिवसात हात स्थिर हवा.

फ्लॅशबद्दल माझं मत थोडं कडक आहे. फ्लॅश फुलापासून १५ सेंमीवर असेल आणि मागचं गवत फुलाच्या आणखी ३० सेंमी मागे, तर गवत फ्लॅशपासून तिप्पट अंतरावर पडतं आणि त्याच्यावर नवव्या हिश्शाएवढाच उजेड पोचतो. त्यामुळे मागचं काळंकुट्ट होतं आणि पसारा खरोखर नाहीसा होतो. रात्री आंबोलीत बेडकाचा फोटो काढताना तो काळोख खराच असतो. पण सकाळी अकराला, सोनेरी पठारावर उभ्या असलेल्या सोनकीमागे काळोख दाखवणं मला पटत नाही. ते फूल कुठे उगवतं हेच त्या फोटोतून निघून जातं. फ्लॅश वापरायचाच असेल तर शटर १/६० च्या आसपास आणा, आयएसओ ८०० पर्यंत चढवा आणि मागचा उजेड फोटोत येऊ द्या.

एकच फूल हवंय आणि आजूबाजूला हजार आहेत

सीतेची आसवे आणि गेंद यांच्यामुळे हा प्रश्न दरवर्षी येतो. दोन्ही दाटीने उगवतात, बोटभर उंच, आणि त्यांच्यात पार्श्वभूमी अशी काही नसतेच, मागे पुन्हा तीच फुलं. अशा वेळी ताटव्याच्या मधोमध जायचा विचारही करू नका. ताटव्याची कड शोधा, तिथे चुकार एखादं फूल दोन वितींवर एकटं उभं असतंच. नाहीतर गर्दीच विषय धरा: मागची निळी-जांभळी फुलं इतकी धूसर होऊ द्या की रंगाचे गोळे उरतील, आणि पुढचं एकच शार्प ठेवा. तेव्हा ती फुलं पसारा वाटत नाहीत, त्या जागेची ओळख होतात.

कातळावरच्या मातीचा थर पातळ असतो. सीतेच्या आसवांचे कीटक धरणारे बारीक फुगे त्याच ओल्या मातीत असतात. एका फोटोसाठी गुडघा टेकवला की तिथलं सगळं दाबलं जातं. पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली, त्यांत कास आहे. पण हे मी जागतिक वारशासाठी म्हणत नाही. चेंगरलेला ताटवा बघून मला स्वतःला त्रास होतो, एवढंच.

मोबाइलवर

मोबाइल फुलाजवळ नेला की अनेक फोन आपोआप मॅक्रोवर जातात. बऱ्याच फोनांत हे काम अल्ट्रावाइड लेन्स करते, आयफोन १३ प्रोपासून आयफोनच्या प्रो मॉडेलांतही तसंच आहे. अल्ट्रावाइड म्हणजे मागचं अर्धं पठार फ्रेममध्ये आणि तेही बऱ्यापैकी स्पष्ट. ते आपोआप होणं बंद करा, थोडं मागे सरका आणि २एक्स किंवा टेलीवर काढा. क्लिपने लावायची मॅक्रो भिंग मुख्य लेन्सवर लावली तर मागचं आणखी मऊ होतं. पोर्ट्रेट मोडच्या नादी लागू नका. चतुराचे पाय, मिशा आणि दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीच्या पानांवरचे चिकट केस त्याला ओळखता येत नाहीत, तो ते मागच्या गवतासोबतच पुसून टाकतो.

आता हात

हे सगळं करूनही एखादं पातं राहतंच. तेव्हा ते तोडू नका, उपटू नका, वाकवून धरा. माझ्या पिशवीत कपड्यांचे सहा लाकडी चिमटे आणि केसांच्या दोन क्लिपा असतात. गवताची चार-पाच पाती एकत्र धरून शेजारच्या गवताला चिमटा लावायचा, फोटो काढायचा, चिमटा काढायचा. सुटं पडलेलं वाळकं पान काठीने सरकवता येतं. काठीनेच, हाताने नाही. जांभ्याच्या सड्यावर पाल्याखाली आणि दगडांच्या फटीत फुरसं असतं, आणि ते मातीसारखंच दिसतं. झोपायच्या आधीही मी ती जागा काठीने हळू चाचपते.

काही वर्षांपूर्वी सप्टेंबरात मला कंदीलपुष्पाचा एक वेल सापडला होता. दोनच फुलं, आणि त्यांच्यामागे एक वाळकी, पांढरट काडी, बरोबर नको तिथे. मी ती ओढली. ती काडीच वेलाचा आधार होती, वेल तिला दोन वेढे घालून वर चढला होता. काडीबरोबर वेलाचा शेंडा तुटून माझ्या हातात आला, एका फुलासकट. कंदीलपुष्पाच्या काही जाती महाराष्ट्राबाहेर कुठेच सापडत नाहीत. त्या दिवसापासून कुठलीही काडी हलवण्याआधी मी तिच्या मुळापासून टोकापर्यंत बघते की तिच्यावर कोण चढलंय, तिच्याखाली कोण बसलंय, कुठल्या कोळ्याचा धागा तिला बांधलाय. सिग्नेचर स्पायडरच्या जाळ्यामागचा पसारा काढायला गेलं की हमखास आधाराचा धागा तुटतो आणि जाळं लोंबायला लागतं. तिथे चिमटाही लावू नका, वाट बघा किंवा दुसरं जाळं शोधा.

प्राण्यांना हलवायचं तर अजिबातच नाही. बेडूक उचलून "स्वच्छ" पानावर ठेवणं मी आंबोलीत पाहिलंय आणि मला त्याचा राग येतो. बेडकाची कातडी पातळ असते, ती पाणी आणि हवा आत घेते, आणि आपल्या हाताला मीठ, घाम, जळवांसाठी लावलेलं कसलंतरी मलम असतं. घरट्याभोवतीच्या फांद्याही कधी वाकवायच्या नाहीत. आपल्याला जो पसारा वाटतो तो पिल्लांचं उन्हापासून आणि घारी-कावळ्यांपासून लपायचं ठिकाण असतो. दगड उलटवू नका. उलटवलाच तर ज्या बाजूने होता तसाच, हळू, परत ठेवा.

घरी आल्यावर

क्रॉप करा, कडेची कळी गेली तर काम झालं. उजळ ठिपके मास्क लावून थोडे गडद करा, काड्यांचा कॉन्ट्रास्ट उतरवा. त्यापुढे जाऊन काडी पुसायची की नाही ते फोटो कशासाठी आहे यावर ठरतं. घरच्या भिंतीवर लावायचा असेल तर पुसा. स्पर्धेत नेचर विभागात पाठवायचा असेल तर थांबा: फियाप, पीएसए आणि आरपीएस या छायाचित्रणाच्या संस्थांच्या सामाईक व्याख्येत क्रॉप सोडून दुसऱ्या कुठल्याही मार्गाने चित्रातली गोष्ट काढायला मनाई आहे, सेन्सरवरच्या धुळीचे डाग मात्र पुसलेले चालतात. वनस्पती ओळखायला पाठवायचा असेल तरीही पुसू नका. शेजारचं पान, मागचं गवत, खालचा कातळ हे सगळं ओळखणाऱ्याला हवं असतं. त्यासाठी मी प्रत्येक फुलाचा एक फोटो मुद्दाम पसाऱ्यासकट काढून ठेवते, उभ्याने, जसा दिसला तसा.

आणि निघताना चिमटे मोजा. माझे सहा असतात. पाच भरले तर मी परत फिरते, कारण राहिलेला चिमटा गवताला तसाच वाकवून ठेवतो आणि पुढच्या पावसात ते तिथेच कुजतं.